बीएस्सी संपत आली, पण मला नेमकं काय आवडतं तेच कळेना (सोलापूर)

मृगनक्षत्र (धागाकर्ती)

नमस्कार. मी सोलापूरची, पूर्व भागातली. बीएस्सी केमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष चालू आहे. वडील यंत्रमागावर आहेत, अम्मा घरी विड्या वळते, धाकटा भाऊ अकरावीत. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे पुढे काय करायचं हे सांगू शकेल असं घरात कोणी नाही. बाहेर जो तो वेगळं सांगतो. मामा म्हणतात एमपीएससी कर. मैत्रिणी पुण्याला निघाल्यात, आयटीचा कोर्स करून कुठंतरी लागायचं म्हणतात. विभागातले सर एमएस्सीचा आग्रह धरतात. एका पाहुण्यांनी बीएड सुचवलंय.

मला यातलं काहीही जमेल असं वाटतं आणि अडचण तिथंच आहे. एकही गोष्ट नकोशी नाही, एकही हवीशी नाही. 'मनापासून आवडेल ते कर' असं लोक म्हणतात तेव्हा मन काहीच बोलत नाही. दहावीत बोर्डाची कलचाचणी दिली होती. त्यात आरोग्य क्षेत्र वर आलं, पण रक्त बघितलं की मला भोवळ येते.

तर विचारायचंय ते असं: आपल्याला काय आवडतं, आपल्यासाठी काय महत्त्वाचं आहे, हे शोधायची काही रीत असते का? उत्साह वाढवणारी वाक्यं नकोत. ज्यांनी स्वतः शोधलं किंवा दुसऱ्याला शोधायला मदत केली त्यांनी लिहा.

हुतात्मा_एक्सप्रेस

ताई, एमपीएससीबद्दल लिहितो, कारण पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसून मी ती केली आहे. आता सोलापुरात सरकारी नोकरीत आहे, पण राज्यसेवेतून नाही.

अभ्यासिकेत माझ्या आजूबाजूला बसलेल्या मुलांना मी विचारायचो, नायब तहसीलदार सकाळी ऑफिसला गेल्यावर काय करतो? बहुतेकांना सांगता यायचं नाही. सिलॅबस पाठ, कटऑफ पाठ, पण ज्यासाठी एवढं चाललंय ते काम डोळ्यांसमोर नाही. फेरफाराच्या तक्रारींच्या सुनावण्या, गारपिटीनंतरचे पंचनामे, निवडणुकीची कामं, टंचाईत टँकरचे प्रस्ताव, दाखल्यांसाठी दारात उभी माणसं. हे वाचून तुमच्या मनात 'हे मला करायचंय' असं आलं तर परीक्षा द्या. वाहन आणि मान एवढंच डोळ्यांपुढे येत असेल तर थांबा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय, म्हणजे लिहिण्याचा सराव पाहिजे आणि त्याला वर्षं जातात. 'काय करूलालास तिकडं?' म्हणून वडलांचा फोन यायचा तेव्हा सांगायला काहीतरी लागायचं. ज्यांना काम माहीत होतं त्यांच्याकडे उत्तर असायचं.

सोपा उपाय सांगतो. एखाद्या दिवशी तहसील कार्यालयात जाऊन बाकावर बसा. कोणी हटकत नाही. दुपारपर्यंत बसलात तरी क्लासच्या जाहिरातीपेक्षा जास्त कळेल.

कडक_भाकरी

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आवड शोधणं ही ज्याच्या घरात दोन पगार येतात त्याची गोष्ट आहे. वडील मागावर, आई विड्या वळते, भाऊ शिकतोय. विडीला हजारी काय मिळते ते मला माहीत आहे, माझी आजी वळायची. तेंदूची पानं भिजवून, पत्रा ठेवून कापून, रात्रीपर्यंत वळत बसायचं आणि कारखान्यात नेल्यावर त्यातल्याही काही बाजूला काढायच्या. अशा घरातल्या मुलीने आधी पगार बघावा. आवड नंतर.

मास्तर_जुळे_सोलापूर

कडक_भाकरी यांचं म्हणणं मी बाजूला सारत नाही, त्याच्याकडे परत येतो.

मी ज्युनिअर कॉलेजला शिकवलं, निवृत्तीनंतर मुलांशी याच विषयावर बोलत असतो. मृग, तुझ्या प्रश्नातच एक चुकीची वाट दडलीय असं मला वाटतं. 'मला काय आवडतं' असं मनाला विचारलं की मन गप्प बसतं, कारण त्याला अजून काही दाखवलेलंच नाही. केमिस्ट्री आवडते का, प्रशासन आवडतं का, ही फार मोठी पोती झाली. एका पोत्यात शंभर कामं असतात. आवड बसते ती एखाद्या कृतीवर. मोजण्यावर, समजावून सांगण्यावर, बिघडलेलं उघडून बघण्यावर, पैशाचा हिशोब लावण्यावर, चार माणसांना एकत्र आणण्यावर.

म्हणून मी मुलांना मनात डोकावायला सांगत नाही, मागं वळून बघायला सांगतो. दोनच प्रश्न. तुला कोणी सांगितलं नव्हतं, मार्क नव्हते, पैसे नव्हते, तरी गेल्या वर्षभरात तू काय केलंस? आणि कशाला 'नाही' म्हणालीस, की ज्याचं काहीतरी नुकसान तुला सोसावं लागलं?

पहिल्यातून आवड कळते. दुसऱ्यातून तुझ्यासाठी काय महत्त्वाचं आहे ते कळतं. मूल्यं कोणती असं थेट विचारलं तर प्रत्येक जण प्रामाणिकपणा, कुटुंब, समाजसेवा असंच लिहितो. माझ्याकडच्या कागदांवर सगळ्यांची यादी एकसारखी असायची. नुकसान सोसून पाळलेली गोष्ट मात्र प्रत्येकाची वेगळी निघते.

उत्तरं इथं लिही. लहान वाटली तरी लिही.

मृगनक्षत्र

सर, दोन दिवस विचार केला.

पहिल्याचं उत्तर मला फारच किरकोळ वाटतंय. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पिंपं भरून ठेवावी लागतात आणि मधल्या दिवसांत गल्लीतल्या बोअरवर चालतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून अम्मा कटकट करायची. कॉलेजात ईडीटीएचं टायट्रेशन (पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले क्षार, मोजायची रीत) शिकवलं तेव्हा मी घरच्या बोअरचं पाणी बाटलीत घेऊन गेले. इंडिकेटर टाकला की वाइनसारखा लाल रंग येतो, ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत गेलं की जांभळट होतो आणि मग एका थेंबाला निळा. तो थेंब पकडायला मला फार आवडतं. प्रॅक्टिकल संपल्यावरही मी करत बसायचे. मग शेजारच्या बोअरचं आणलं, पलीकडच्या गल्लीतलं आणलं. कुठल्या बोअरचं पाणी किती जड, ते वहीत लिहिलंय. पिण्याच्या पाण्याच्या मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरतात, दुसरं काही पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमच्या बाजूचे बरेच बोअर त्या वरच्या आकड्याजवळ जातात. बायका आता मला विचारूनच ठरवतात की कुठलं पाणी डाळीला आणि कुठलं धुण्याला.

दुसऱ्याचं उत्तर: गेल्या उन्हाळ्यात एका क्लासच्या ऑफिसात बसायचं काम मिळालं होतं, पैसे बरे होते. पालक आले की 'थोड्याच जागा राहिल्यात' असं सांगायचं होतं. जागा भरपूर होत्या. मी ते काम सोडलं. घरी नीट सांगता आलं नाही. अम्मा बरेच दिवस अबोल होती.

मास्तर_जुळे_सोलापूर

पोरी, याला किरकोळ म्हणू नकोस. तू विचारलंस मन का बोलत नाही. ते बोललंय, वहीत लिहूनसुद्धा ठेवलंस.

आता बघ काय काय दिसतं. तुला मोजायला आवडतं, आणि बिनचूक मोजायला. शेवटचा थेंब पकडण्यासाठी थांबायची तुझी तयारी आहे. मोजलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडलं की तू आणखी मोजतेस. पलीकडच्या गल्लीतलं पाणी कोणी मागितलं नव्हतं. आणि आकडा असेल तसाच सांगायचा, फायद्यासाठी वाकवायचा नाही, यासाठी तू पगार सोडलास. क्लासचं काम आणि पाण्याची वही या दोन गोष्टी तुला वेगळ्या वाटत असतील, मला त्या एकाच स्वभावाच्या दिसतात.

कलचाचणीबद्दल थोडं. अशा बहुतेक चाचण्यांमागे कुठंतरी जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची मांडणी असते. १९५९ साली त्यांनी ती मांडली. माणसांचे कल आणि कामांचं स्वरूप सहा प्रकारांत बसवायचं: हातांनी वस्तू हाताळणारे, शोध घेणारे, कलेकडे ओढा असलेले, माणसांत रमणारे, धंदा उभारणारे, शिस्तशीर नोंदी ठेवणारे. कोणीच एका खणात पूर्ण बसत नाही, दोन-तीन मिळून माणूस होतो. तुझ्यात शोध घेणं आणि शिस्तशीर नोंदी दोन्ही ठळक आहेत. आरोग्य वर आलं ते चुकीचं नसेलही, कारण रोगनिदानाची लॅब त्यातच येते. पण चाचणी फक्त कल दाखवते. तुझी कुवत किती आणि तू कशासाठी पगार सोडशील, हे तिला कळत नाही. पंधराव्या वर्षी दिलेल्या चाचणीवर एकविसाव्या वर्षी अडून बसायचं कारण नाही.

धोटा

सर लिहीत होते तेव्हापासून मला लिहायचं होतं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमध्ये आहे, डाईंगच्या लॅबमध्ये. बीएस्सी केमिस्ट्रीच.

गिऱ्हाइकाकडून रंगाचा एक तुकडा येतो. त्याची शेड, म्हणजे रंगछटा, जुळवायची. आधी छोट्या तुकड्यावर लॅब डिप, म्हणजे रंगवलेला नमुना, काढतो. सुती टॉवेलला रिअ‍ॅक्टिव्ह रंग. मिठाने रंग सुतावर ओढला जातो, सोडा अ‍ॅशने पक्का बसतो, पाणी साठ अंशांच्या आसपास ठेवायचं. रंग काढला की वाळवून लाइट बॉक्समध्ये बघायचा. दिवसाच्या उजेडात दोन तुकडे हुबेहूब दिसतात आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली वेगळे, असं होतं. म्हणून वेगवेगळ्या दिव्यांखाली फिरवून बघतो. एखाद्या निळ्यावर दोन-दोन दिवस जातात. एकदा लॅबमध्ये शेड पास झाली की मग शेकडो किलो सूत त्या रेसिपीवर रंगतं, तिथं चूक परवडत नाही.

आणि मृगनक्षत्र, पाणी जड असेल तर रंग डागाळतो. आमच्याकडे सकाळचं पहिलं काम पाण्याची हार्डनेस बघणं. ईडीटीएच वापरतो. तुझा तो लाल-निळा थेंब इथं रोजचा आहे.

फक्त गुलाबी चित्र नको. सुरुवातीचा पगार बेताचा. उन्हाळ्यात लॅब सोडून डिपार्टमेंटला गेलं की वाफ आणि घाम. शिपमेंटची घाई असली की 'चालतंय, पास कर' असा दबाव येतो. तिथं तुझा तो क्लासवाला प्रश्न पुन्हा समोर येणार. डाईंग मास्तर चांगला असेल तर तो तुझ्या बाजूने उभा राहतो. कंपनी निवडताना मशीन बघण्याआधी मास्तर बघ.

गाळप_हंगाम

साखर कारखान्यांत आपला जिल्हा राज्यात आघाडीवर आहे आणि प्रत्येक कारखान्यात लॅब असते, हे पोरींना कोणी सांगत नाही. मी लॅब केमिस्ट. रसाचं ब्रिक्स (विरघळलेलं सगळं मिळून किती), पोल (त्यात साखर किती), प्युरिटी (एकुणात साखरेचा वाटा), मळीत किती साखर चालली, बॉयलरचं पाणी, हे सगळं तपासायचं. ठरलेल्या वेळी सॅम्पल घ्यायचंच, रात्रपाळीतही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बॉयलर पेटला की साधारण मार्चपर्यंत उसंत नसते. पुढं जायचं तर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे कोर्स आहेत. मुलींचं प्रमाण कमी आहे, पाळ्या आणि कारखान्यापर्यंतचं जाणंयेणं यांचा विचार करावा लागेल. पण मोजमापाची आवड असेल तर काम कंटाळवाणं नाही.

डाळिंबवाला

केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथं आणि कृषी क्षेत्रात माती-पाणी परीक्षणाचं काम असतं. आम्हा शेतकऱ्यांना खरा रिपोर्ट देणारं माणूस पाहिजे. डाळिंबावर तेल्या रोग पडला की खत विकणारा एक सांगतो, औषध विकणारा दुसरं. ज्याला काही विकायचं नाही असं कोणीतरी लागतं. एवढंच सांगायचं होतं.

तिघांची_आई

मी सगळं वाचतेय. माझी मोठी तुझ्याच वयाची आहे.

कडक_भाकरी यांना सांगायचंय की पगाराची काळजी खोटी नाही, पण ती मूल्यांच्या बाहेरची नाही. घर चालवणं, भावाची फी भरणं, अम्माच्या हातातली पानं सुटावीत असं वाटणं, यापेक्षा मोठं मूल्य काय असतं? मुलांना वाटतं मूल्य म्हणजे काहीतरी उदात्त, आणि घर ही अडचण. आपण मोठेच त्यांना तसं बोलून दाखवतो.

मृग, आईबापांच्या बाजूचं एक सांगते. आम्हाला तू कोणतं क्षेत्र घेतलंस त्याचं फारसं पडलेलं नसतं, आम्हाला ते कळतही नाही. आम्हाला हे हवं असतं की पैसा कधीपासून येणार आणि तोपर्यंत आम्ही किती ओढायचं. ते नक्की सांगितलंस तर अम्मा तुझ्या मागं उभी राहील. क्लासचं काम का सोडलं तेही सांग. अबोला नोकरी सोडल्याचा नसेल, न सांगितल्याचा असेल.

हुतात्मा_एक्सप्रेस

मूल्यांवरून आठवलं म्हणून लिहितो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, जन्म १९१०. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते. तिथंच युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथंच गेले, वय अवघं बत्तीस. त्यांच्या घराचं स्मारक आपल्या शहरात आहे, शाळेच्या सहलीत आपण सगळेच जाऊन आलोय. त्यांच्याबरोबर शिकलेल्या प्रत्येकाकडे डॉक्टरकी होती. ती कुठं आणि कोणासाठी वापरायची, हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. मृगच्या बाबतीतही केमिस्ट्री ठरलेली दिसते, ती कोणासाठी एवढंच राहिलंय.

कडक_भाकरी

आईंचं पटलं. मी पगार आणि आवड असे दोन ढीग केले होते, ते सरळ करून लिहितो.

मृगनक्षत्र, तुझ्यासमोर आता जी कामं आलीत ती सगळी मोजण्याचीच आहेत: डाईंग लॅब, साखर कारखाना, माती-पाणी, शिवाय सरकारी पाणी तपासणी. आवडीने त्यात निवड होणार नाही, कारण आवड सगळ्यांत सारखीच लागू पडते. निवड आता बाकीच्या गोष्टींवर होईल. घरी राहायचंय की बाहेर? पहिला पगार किती लवकर हवा? रिपोर्ट कोणाच्या हातात पडावा असं वाटतं, गिऱ्हाइकाच्या, शेतकऱ्याच्या की गल्लीतल्या बायकांच्या? दबाव आला तर कुठं टिकशील? या गोष्टींना क्रम लाव. 'सगळंच महत्त्वाचं' असं लिहायचं नाही. दोन गोष्टी एकमेकींवर आदळल्या तर कोणती सोडशील, ते लिही. मी माझ्या बहिणीला हे करायला लावणार आहे, ती नर्सिंग आणि बँकेत अडकलीय.

मास्तर_जुळे_सोलापूर

कडक_भाकरी, तुम्ही माझं काम हलकं केलंत. यात एक भर घालतो. हा क्रम कायमचा नसतो. भाऊ कमावता झाला की पहिल्या पगाराची घाई खाली जाईल आणि कदाचित एमएस्सी वर येईल. म्हणून आज दार बंद करू नकोस. नोकरी करताना पदव्युत्तर शिक्षणासाठी नाशिकच्या मुक्त विद्यापीठात किंवा आपल्या विद्यापीठात काय सोय आहे ते विचारून ठेव.

आणि कागदावर क्रम लावून झाला की प्रत्यक्ष जाऊन बघ. बघितल्याशिवाय ठरवू नकोस. कामाचा वास, आवाज, जेवणाच्या सुट्टीत माणसं काय बोलतात, हे कोणत्याही धाग्यावर कळणार नाही.

मृगनक्षत्र

सगळ्यांचे आभार. काल अम्माशी बोलले. क्लासचंही सांगितलं. ती म्हणाली, 'खोटं बोलायला लावत होते तर तेव्हाच सांगायचं की.' वडलांनी विचारलं, डाईंगला म्हणजे कोणाकडे? त्यांना दोन-तीन मास्तर माहीत आहेत, म्हणाले एक माणूस फार कडक पण सरळ आहे. वडलांच्या ओळखी माझ्या कामाच्या असतील असं मला कधी वाटलंच नव्हतं.

क्रम लावला. पहिलं, निकालानंतर सहा महिन्यांच्या आत पगार. दुसरं, आकडा वाकवायला लागू नये. तिसरं, काही वर्षांनी पाण्याच्या कामाकडे जाता यावं. सोलापुरात राहणं मला वाटलं होतं त्यापेक्षा खाली गेलं, चांगलं काम असेल तर बाहेर जायला मी तयार आहे हे लिहितानाच कळलं. एमपीएससी यादीत कुठंच आली नाही, मामांना समजावून सांगेन.

तर आधी डाईंग लॅब बघणार आहे आणि सुट्टीत कारखान्याची लॅब. धोटा, बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? आणि काय विचारायचं की समोरच्याला राग येणार नाही?

धोटा

आमच्याकडेही ये, साहेबांना विचारून ठेवलंय. इतर ठिकाणीही हेच कर.

पगार शेवटी विचार. आधी विचार, शेड रिजेक्ट झाली तर पुढं काय होतं? रजिस्टर बघायला मिळालं तर बघ, रिजेक्टच्या नोंदी आहेत का. एकही नोंद नसेल तर तिथं रिजेक्ट होत नाही असं समजू नकोस, तिथं लिहीत नाहीत असं समज. लॅबमधल्या सगळ्यात नव्या माणसाशी बोल, मास्तर समोर नसताना. तो किती दिवस फक्त बाटल्या धूत होता ते विचार. बाटल्या धुणं सगळ्यांनाच करावं लागतं, पण त्यानंतर शिकवलं का ते महत्त्वाचं.

जमलं तर पूर्ण पाळी थांब. पहिला तासभर सगळंच नवं वाटतं. दुपारी तिसरी-चौथी लॅब डिप निघते, आधीच्यासारखीच दिसते आणि तरीही फरक शोधायचा असतो, त्या वेळी तुला काय वाटतं ते बघ. तेव्हाही पुढचा तुकडा हातात घ्यावासा वाटला तर काम तुझं आहे.

सकाळी साडेआठला गेटवर ये, आधार कार्ड लागेल. वडलांना बरोबर आणलंस तरी चालेल. ओढणी बांधून घे, मशीनजवळ जावं लागतं. पायात बूट घाल, चप्पल नको. खाली ओलं असतं आणि त्यात कॉस्टिक (कातडी भाजणारा सोडा) सांडलेलं असलं तर पाण्यासारखंच दिसतं.